अनिश्चिततेतील निर्णयांचा अभ्यास आणि त्यातील अध्यापकीय आयुष्य

मला विचारलेला प्रश्न असा आहे: गणितातील पदव्युत्तर अभ्यासक्रम संपत आला आहे, ऑप्टिमायझेशन (सर्वोत्तम पर्याय शोधण्याचे गणित) आणि संभाव्यता हे दोन्ही विषय मनापासून आवडतात, तर ऑपरेशन्स रिसर्चमध्ये, म्हणजे निर्णय गणिताच्या आधारे घेण्याच्या शास्त्रात, पीएचडी करून पुढे अध्यापन आणि संशोधन यांतच राहावे का, राहायचे ठरवले तर सिद्धांताकडे वळावे की उपयोजनाकडे, आणि मशीन लर्निंगच्या आजच्या रेट्यात हे क्षेत्र स्वतंत्र म्हणून उरेल का. या विषयात मी सुमारे तीन दशके शिकवले आहे, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले आहे आणि रुग्णालये, वाहतूक व साठ्यांचे नियोजन यांतील प्रश्नांवर काम केले आहे. त्या अनुभवावर विसंबून उत्तर देतो.

माझे मत आधी सांगतो आणि कारणे नंतर मांडतो. निर्णय ही गोष्टच तुम्हाला विचार करण्याजोगी वाटत असेल, म्हणजे कोणी, कोणत्या क्षणी, काय ठाऊक असताना आणि काय ठाऊक नसताना काय ठरवायचे हा प्रश्न तुमचा पिच्छा सोडत नसेल, तर या क्षेत्रात जरूर या. केवळ प्रमेये सिद्ध करण्याची ओढ असेल तर ती शुद्ध गणितात अधिक निर्भेळपणे पुरी होते, आणि केवळ मोठ्या संगणकीय प्रणाली उभारण्याची हौस असेल तर तिला संगणकशास्त्रात अधिक वाव आहे. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये या दोन्ही गोष्टी भरपूर लागतात, पण त्या कोणाच्या तरी निर्णयासाठी राबवाव्या लागतात, आणि ज्याला हे राबवणे दुय्यम दर्जाचे वाटते त्याचे मन इथे फार काळ रमत नाही.

या क्षेत्राचा हा स्वभाव जन्मापासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅट्रिक ब्लॅकेट या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञांनी विमानविरोधी तोफांच्या कामासाठी जो गट जमवला, त्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते, गणिती होते, एक खगोलभौतिकीचे अभ्यासक होते आणि एक भूमापकही होते. पुढे ब्लॅकेट नौदलाच्या कामाकडे वळले, तेव्हा अटलांटिक ओलांडणाऱ्या व्यापारी जहाजांचे ताफे किती मोठे असावेत हा प्रश्न समोर आला. लहान ताफे अधिक सुरक्षित, असा नौदलाचा समज होता. आकडे तपासल्यावर असे दिसले की हल्ल्यात बुडणाऱ्या जहाजांची संख्या ताफ्याच्या आकारावर जवळजवळ अवलंबून नव्हती, संरक्षक नौका किती आहेत यावर मात्र ती अवलंबून होती. शिवाय ताफ्यातील जहाजे दुप्पट झाली तरी त्याचा परीघ सुमारे १.४ पटच वाढतो, त्यामुळे मोठ्या ताफ्याला त्या प्रमाणात जास्त संरक्षक नौका लागत नाहीत. १९४३ मध्ये ताफे मोठे करण्याचे धोरण स्वीकारले गेले. यात वापरलेले गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. अवघड होते ते हे ओळखणे की एका ताफ्यातील किती जहाजे बुडाली हा आकडा निर्णयासाठी निरुपयोगी आहे, आणि निघालेल्या एकूण जहाजांपैकी कितवा हिस्सा पोहोचला हाच आकडा पाहायला हवा. पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण दरवर्षी सांगतो, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना गणित अवघड असेल तरच संशोधन खरे, असे वाटत असते.

गणित अर्थातच पुढे खूप अवघड झाले आणि ते व्हायलाच हवे होते. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञांनी ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषक घटकांची गरज भागवणारा सर्वांत स्वस्त आहार शोधण्याचा प्रश्न मांडला आणि अंदाज व कौशल्य यांच्या आधारे वर्षाला ३९.९३ डॉलरचे उत्तर काढले. १९४७ मध्ये अशा प्रश्नांचे खात्रीने सर्वोत्तम उत्तर काढणारी गणिती जॉर्ज डँटझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत आली, आणि हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर सुमारे १२० मनुष्यदिवस खपून त्याच प्रश्नाचे इष्टतम, म्हणजे शक्य तितके सर्वोत्तम, उत्तर निघाले, ते ३९.६९ डॉलर होते. केवळ २४ सेंटचा फरक पाहून काहींना ही मेहनत वाया गेली असे वाटते. मला तसे वाटत नाही. स्टिग्लर यांचे उत्तर उत्तम होते, परंतु ते किती उत्तम आहे हे सांगण्याचे कोणतेही साधन १९४५ मध्ये त्यांच्याजवळ नव्हते. इष्टतमतेचा दाखला मिळाल्यावरच अनुभवी माणसाच्या अंदाजाची खरी किंमत कळते, आणि अनुभवी माणसांशी आदराने बोलता येण्यासाठीही तो दाखला हाताशी असावा लागतो.

अनिश्चितता या चित्रात फार लवकर आली. १९५५ मध्येच डँटझिग यांनी अनिश्चिततेखालील लिनिअर प्रोग्रामिंगवर (सरळरेषीय सूत्रांनी मांडलेल्या ऑप्टिमायझेशनवर) पेपर लिहिला आणि पुढे कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते पुन्हा याच प्रश्नाकडे वळले. त्या पेपरातील रचना आजही आपल्या क्षेत्राचा कणा आहे: काही निर्णय आज, भविष्य न पाहता घ्यायचे असतात, मग जे घडायचे ते घडते, आणि त्यानंतर उरलेले निर्णय परिस्थिती पाहून घेता येतात. पहिल्या टप्प्यातील निर्णय दुसऱ्या टप्प्यातील माहितीचा आधार घेऊ शकत नाही, हे बंधन ऐकायला क्षुल्लक वाटते, पण या विषयातील जवळजवळ सगळी खोली त्यातूनच येते.

सूत्रांपेक्षा आकड्यांतून हे लवकर पटते, म्हणून एक लहान उदाहरण देतो. समजा, एखाद्या नाशवंत वस्तूची उद्याची मागणी ५०, १०० किंवा १५० नगांची असू शकते आणि तिन्ही शक्यता सारख्याच आहेत. नगामागे खर्च ३० आहे, विक्रीची किंमत १०० आहे आणि उरलेला नग फेकून द्यावा लागतो. सरासरी मागणी १०० आहे, म्हणून सरासरीवर विसंबणारा नियोजक १०० नग मागवतो आणि कागदावर ७,००० चा नफा मांडतो. प्रत्यक्षात मागणी ५० आली तर निम्मे नग वाया जातात आणि १५० आली तरी विक्री १०० च्या पुढे जात नाही; त्यामुळे अपेक्षित विक्री ८३.३ नगांवर अडकते आणि अपेक्षित नफा सुमारे ५,३३३ भरतो. आता नीट विचार करू. एक नग कमी पडला तर ७० चा नफा हुकतो आणि एक नग उरला तर ३० चे नुकसान होते. म्हणून सर्व मागणी भागण्याची शक्यता किमान ०.७ होईल इतका माल मागवला पाहिजे. १०० नगांवर ही शक्यता ०.६७ आहे, म्हणजे थोडी कमी, म्हणून १५० नग मागवायला हवेत आणि तेव्हा अपेक्षित नफा ५,५०० होतो. उद्याची मागणी आजच अचूक कळत असती, तर दररोज मागणीइतकाच माल मागवून सरासरी ७,००० मिळाले असते. म्हणजे परिपूर्ण अंदाज विकत मिळत असेल तर त्यासाठी १,५०० हून अधिक मोजण्यात अर्थ नाही.

या उदाहरणात निर्णय सुधारल्याने झालेला फायदा केवळ १६७ आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि पाठ्यपुस्तके तिच्यावर पुरेसा वेळ घालवत नाहीत. सरासरीवर चालणाऱ्या नियोजकाचा निर्णय तितकासा वाईट नव्हता. वाईट होते ते त्याने दिलेले ७,००० चे आश्वासन, कारण ते प्रत्यक्षापेक्षा १,६६७ ने जास्त होते आणि त्या आश्वासनावर विसंबून पुढे आणखी कोणी कर्ज काढलेले असते, माणसे नेमलेली असतात, जागा घेतलेली असते. जेम्स स्मिथ आणि रॉबर्ट विंकलर यांनी २००६ मध्ये दाखवले की अनेक पर्यायांचे मूल्य अंदाजाने ठरवून त्यांतला सर्वोत्तम दिसणारा निवडला, की अंदाज निःपक्षपाती असले तरीही निवडलेल्या पर्यायाकडून सरासरीने निराशाच पदरी पडते. ज्याचा अंदाज चुकून वर गेला आहे, तोच पर्याय निवडला जाण्याची शक्यता अधिक असते. या दोन गोष्टींची कारणे वेगळी आहेत, परंतु दोन्हींतून एकच कर्तव्य निघते: मॉडेलने सुचवलेल्या कृतीइतकीच मॉडेलने दिलेल्या आकड्याचीही जबाबदारी आपण घेतली पाहिजे.

आता माझ्या स्वतःच्या कामातील एक चूक सांगतो, कारण तिने माझी संशोधनाची दिशा बदलली. एका रुग्णालयासाठी मी शस्त्रक्रियागृहांच्या साप्ताहिक वेळापत्रकाचे मॉडेल तयार केले होते. शस्त्रक्रियेला लागणारा वेळ अनिश्चित असतो, त्याचे वितरण सहसा उजवीकडे लांब शेपूट असलेले असते, आणि दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून ते चांगले जुळवता आले होते. हजार परिस्थितींवर तपासले तेव्हा जादा वेळेत बरीच घट दिसली आणि पेपरही स्वीकारला गेला. प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर दोन महिन्यांत तो बंद पडला. मी तिथे जाऊन एक आठवडा वेळापत्रक लावणाऱ्या परिचारिकेशेजारी बसलो, तेव्हा कारण कळले. माझ्या मॉडेलमध्ये आठवड्याची संपूर्ण रुग्णयादी ठाऊक असताना वेळापत्रक ठरत होते. प्रत्यक्षात त्या ताईंना निम्म्या रुग्णांना गुरुवारी दुपारीच दिवस कळवावा लागे, कारण रुग्णाला घरची व्यवस्था करायची असते, काही औषधे आधीपासून थांबवायची असतात. उरलेली नावे शुक्रवार संध्याकाळपर्यंत येत राहत. एका दिवसाच्या या फरकामुळे माझे इष्टतम वेळापत्रक प्रत्यक्षात कधीच आखता येण्याजोगे नव्हते. मी जो प्रश्न सोडवला होता तो गणिती दृष्टीने बरोबर होता, पण तो निर्णय त्या रुग्णालयात कोणीही कधीही घेत नव्हते.

त्यानंतर आम्ही मॉडेल पुन्हा बांधले. गुरुवारी काही जागा राखून ठेवायच्या, किती राखायच्या हे अजून न आलेल्या नावांच्या अंदाजावरून ठरवायचे आणि शुक्रवारी उरलेले भरायचे, अशी दोन टप्प्यांची रचना झाली. तिचे उद्दिष्ट मूल्य (ज्या आकड्याने उत्तर तोलले जाते तो) पहिल्या मॉडेलपेक्षा वाईट होते, कारण ती कमी माहितीवर चालत होती, आणि म्हणूनच ती वापरता आली. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला चल राशी आणि बंधने लिहिण्यापूर्वी मी एक कालरेषा काढायला लावतो: कोणती माहिती कधी हाती येते, कोणता निर्णय कधी पक्का होतो, आणि कोणता निर्णय नंतर बदलता येतो व त्याला किती खर्च येतो. या कालरेषेत चूक असेल तर पुढचे सर्व प्रमेय निर्दोष असूनही उपयोगाचे नसते.

सिद्धांत की उपयोजन, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच अनुभवातून देतो. ही विभागणी संशोधकाच्या आयुष्यात वाटते तितकी टिकत नाही. राखीव जागांचा तो प्रश्न नंतर माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा विषय झाला आणि त्यातून निघालेले संरचनात्मक प्रमेय रुग्णालयाशी संबंध नसलेल्या प्रश्नांनाही लागू पडले. उपयोजनातून सिद्धांताकडे जाण्याची ही वाट जुनी आहे. कृष्णविवरांच्या गणितासारखा इथे निसर्ग प्रश्न विचारत नाही. इथे प्रश्न माणसांच्या कामातून येतात आणि त्यांतला कोणता भाग सार्वत्रिक आहे हे ओळखणे हेच सैद्धांतिक संशोधकाचे कौशल्य असते. तरीही पीएचडीच्या काळात एका बाजूला भक्कम पाय रोवणे आवश्यक आहे, आणि गणिताची पार्श्वभूमी असलेल्या विद्यार्थ्याने सिद्धांताच्या बाजूला रोवावा असा माझा सल्ला असतो. उपयोजन चाळिशीतही शिकता येते. मापन सिद्धांत (संभाव्यतेचा गणिती पाया) आणि कॉन्व्हेक्स विश्लेषण (ऑप्टिमायझेशनचा गणिती पाया) चाळिशीत नव्याने शिकणारे फार थोडे पाहिले आहेत.

अनिश्चितता या शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी मोडतात, आणि इथे तुम्ही कोणत्या पंथात जाता याचा कारकिर्दीवर खोल परिणाम होतो. फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये मोजता येण्याजोगी जोखीम आणि मोजता न येणारी अनिश्चितता यांत फरक केला. डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६१ मध्ये दाखवले की विचारी माणसेसुद्धा ठाऊक असलेली शक्यता अज्ञात शक्यतेपेक्षा पसंत करतात, आणि ती पसंती कोणत्याही एका संभाव्यता वितरणाने समजावून सांगता येत नाही. आमच्या क्षेत्रात याची उत्तरे वेगवेगळ्या दिशांनी आली. हर्बर्ट स्कार्फ यांनी १९५८ मध्ये, मागणीची केवळ सरासरी आणि प्रचरण (चढउताराचे माप) ठाऊक असेल तर सर्वांत वाईट वितरणापुढेही टिकेल असा साठा किती ठेवावा, हे सोडवले. अलन सॉइस्टर यांनी १९७३ मध्ये वितरण बाजूला ठेवून मॉडेलमधील प्रत्येक अनिश्चित आकडा, म्हणजे गुणांक, आपल्या मर्यादेतील सर्वांत वाईट मूल्य घेईल असे धरले, आणि त्यामुळे उत्तरे फार सावध येऊ लागली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेन-ताल आणि नेमिरोव्स्की यांनी लंबवर्तुळाकार अनिश्चितता-संच (गुणांक एकत्रितपणे घेऊ शकतील अशा मूल्यांचा संच) वापरून ही सावधता आटोक्यात आणली, आणि २००४ मध्ये बर्टसिमास व सिम यांनी एकाच वेळी किती गुणांक बिघडू शकतात याचे बजेट ठरवून लिनिअर प्रश्न लिनिअरच राहील अशी रचना दिली.

तरुण संशोधक यांतल्या एखाद्या पद्धतीचा अनुयायी होतो आणि मग प्रत्येक प्रश्न तिच्या साच्यात बसवू लागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. या पद्धतींमध्ये श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. प्रत्येक पद्धत वेगळ्या प्रकारच्या अज्ञानाला उत्तर देते. टेलिफोनच्या जाळ्यात येणारे कॉल लाखोंनी मोजता येतात, तिथे संभाव्यता वितरण नाकारणे म्हणजे हाती असलेली माहिती टाकून देणे होय. एकदाच बांधल्या जाणाऱ्या धरणाची उंची ठरवताना, ज्याच्या नोंदी शंभर वर्षांच्याही नाहीत अशा पुरासाठी एकच नेमके वितरण धरणे हा मात्र अवाजवी आत्मविश्वास आहे. आपल्याला काय ठाऊक नाही आणि ते कोणत्या प्रकारे ठाऊक नाही, हे आधी प्रामाणिकपणे लिहून काढा. पद्धत त्यानंतर बऱ्याच अंशी आपोआप ठरते.

आता या आयुष्याच्या बाहेरच्या चौकटीविषयी, कारण प्रबंधाइतकाच तुमच्या रोजच्या दिवसांवर तिचा परिणाम होणार आहे. ऑपरेशन्स रिसर्चचे अध्यापक निरनिराळ्या विभागांत बसतात: औद्योगिक अभियांत्रिकी, व्यवस्थापन, गणित किंवा सांख्यिकी, आणि संगणकशास्त्र. एकच संशोधन या ठिकाणी वेगवेगळ्या तराजूत तोलले जाते. व्यवस्थापन शाखेत मोजक्या जर्नलांतील मोजके, लांब पेपर मोजले जातात, एका पेपरावर तीन-चार वर्षे जातात, आणि अनुभवी व्यवस्थापकांना शिकवण्याची तयारी लागते. अभियांत्रिकीत बाहेरून निधी आणणे, त्यावर विद्यार्थी पोसणे आणि उद्योगांशी संबंध ठेवणे हा कामाचा मोठा भाग असतो. गणित विभागात प्रमेयाची खोली पाहिली जाते आणि आकडेमोडीच्या प्रयोगांना फारसे वजन मिळत नाही. संगणकशास्त्रात परिषदांमधील पेपरांना जर्नलइतकेच, कधी अधिक महत्त्व असते आणि वेग फार असतो. पीएचडी करताना यांतला कोणता विभाग आपले घर होईल हे नक्की ठरवता येत नाही, परंतु तिसऱ्या वर्षापर्यंत दोन संभाव्य घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिणे शहाणपणाचे असते, कारण व्यवस्थापन शाखेसाठी लिहिलेला पेपर आणि गणित विभागासाठी लिहिलेला पेपर यांची प्रस्तावनाही वेगळी असते.

परीक्षणाला लागणारा वेळ हा नव्या माणसाला सर्वांत खुपणारा भाग आहे. आमच्या प्रमुख जर्नलांत पेपर पाठवल्यापासून स्वीकारला जाईपर्यंत दोन वर्षे लागणे सामान्य आहे. माझा पहिला पेपर चौदा महिन्यांनी नाकारला गेला, आणि तो पुन्हा लिहून दुसरीकडे छापून येईपर्यंत आणखी अडीच वर्षे गेली. दोन परीक्षकांपैकी एकाने लिहिलेली सहा पानांची टीका आजही माझ्याजवळ आहे, कारण माझ्या मुख्य प्रमेयातील एक गृहीतक अनावश्यक आहे हे त्यांनी दाखवले होते आणि त्यामुळे तो पेपर पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला झाला. हा काळ सोसण्यासाठी विषयांची निवड विचारपूर्वक करावी लागते. एकाच अवघड अनुमानावर पाच वर्षे लावणे मी विद्यार्थ्यांना सुचवत नाही. एक प्रश्न असा हवा की ज्याचे उत्तर मिळेल याची बऱ्यापैकी खात्री आहे, आणि एक असा हवा की जो सुटला तर क्षेत्राचे लक्ष वेधेल. पहिल्या प्रश्नात शिकलेले तंत्र दुसऱ्यात उपयोगी पडत असेल तर उत्तम.

विषय निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी, जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. काही निवडी नंतर बदलता येतात आणि काही येत नाहीत. प्रबंधाचे उपयोजन-क्षेत्र बदलता येते. आरोग्यसेवेवर प्रबंध लिहिलेली माणसे पुढे ऊर्जेवर काम करतात. मार्गदर्शक बदलणे फार खर्चिक असते, आणि पायाभूत गणिताकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम जवळजवळ कायमचा असतो. त्यामुळे उपयोजन-क्षेत्रावर जितका विचार करता, त्याच्या दसपट मार्गदर्शकावर करा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला, आणि त्यांना विचारा की मसुदा दिल्यावर किती दिवसांत परत मिळत असे, मतभेद झाल्यावर काय होत असे, आणि पेपरातील कल्पना कोणाच्या असत.

मशीन लर्निंगबद्दलची भीती मला समजते, पण ती चुकीच्या जागी आहे असे मला वाटते. रीइन्फोर्समेंट लर्निंग या, करून पाहून मिळालेल्या फळावरून शिकणाऱ्या, मशीन लर्निंगच्या शाखेचा पाया असलेले समीकरण रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात डायनॅमिक प्रोग्रामिंगसाठी, म्हणजे टप्प्याटप्प्याने घ्यायच्या निर्णयांसाठी, मांडले, आणि अवस्थांची संख्या मितींबरोबर बेसुमार वाढते या अडचणीलाही नाव त्यांनीच दिले. प्रयोग करत करत शिकण्याचा प्रश्न विल्यम थॉम्पसन यांनी १९३३ मध्ये औषधांच्या तुलनेसाठी आणि हर्बर्ट रॉबिन्स यांनी १९५२ मध्ये सामान्य रूपात मांडला. म्हणजे ही दोन्ही घरे एकाच वाड्यातली आहेत. मशीन लर्निंगने अंदाजाचा दर्जा फार उंचावला आहे, परंतु चांगला अंदाज आणि चांगला निर्णय यांत अंतर राहते. वरच्या उदाहरणात सरासरी मागणीचा अंदाज अगदी अचूक होता आणि तरी निर्णय बदलावा लागला. अंदाजातील कोणती चूक निर्णयाला महाग पडते हे धरून अंदाज करण्याची पद्धत शिकवणे, हा आज अतिशय जिवंत विषय आहे. एल्माश्तूब आणि ग्रिगास यांच्या २०२२ मधील पेपरानंतर त्यावर विपुल काम होत आहे. तुमच्यासारख्या पार्श्वभूमीच्या माणसासाठी ही संधी आहे, मात्र त्यासाठी सांख्यिकी मनापासून शिकावी लागेल. ऑप्टिमायझेशनचे विद्यार्थी सांख्यिकीकडे दुर्लक्ष करतात आणि मग नमुन्यावरून काढलेले इष्टतम उत्तर नव्या विदेवर (डेटावर) का ढासळते याचे त्यांना आश्चर्य वाटते.

तयारीबद्दल थोडक्यात सांगतो. लिनिअर प्रोग्रामिंगची द्वैतता (प्रत्येक प्रश्नाला जोडून येणारा, बंधनांच्या किमती सांगणारा दुसरा प्रश्न) इतकी आत्मसात करा की कोणताही प्रश्न पाहिल्यावर त्याच्या द्वैत चलांचा अर्थ शब्दांत सांगता येईल. मापन सिद्धांतावर आधारलेली संभाव्यता, मार्कोव्ह साखळ्या (ज्यांत पुढची अवस्था केवळ आजच्या अवस्थेवर ठरते अशा यादृच्छिक प्रक्रिया), कॉन्व्हेक्स विश्लेषण आणि एक संपूर्ण सांख्यिकीचा अभ्यासक्रम करा. एखादी प्रोग्रामिंग भाषा आणि एखादा सॉल्व्हर (असे प्रश्न सोडवणारे सॉफ्टवेअर) हाताखालून गेलेला असावा. त्यानंतर कोणताही एक छापील पेपर घेऊन त्यातील आकडेमोडीचे सर्व तक्ते स्वतः पुन्हा काढून पाहा. दोन-तीन महिने जातील, आणि संशोधन म्हणजे नेमके काय काम असते याचा त्याहून चांगला अंदाज दुसऱ्या कोणत्याही मार्गाने येत नाही.

शिकवण्याबद्दलही तुम्ही विचार केलेला असावा अशी अपेक्षा आहे, कारण या नोकरीत निम्मे आयुष्य त्यातच जाते. आमच्या विषयाचा वर्ग मला फार प्रिय आहे, याचे एक कारण असे की विद्यार्थ्यांची अंतःप्रेरणा तिथे रोज तपासली जाते. रांगांचे प्रकरण शिकवताना सेवकाची व्यग्रता ८० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेली तर रांगेतील सरासरी वाट पाहणे किती वाढेल, असे विचारले की बहुतेक जण थोडेसे वाढेल असे म्हणतात. सर्वांत साध्या मॉडेलमध्ये ते सेवेच्या वेळेच्या चौपटीवरून नऊपटीवर जाते. हे उत्तर फळ्यावर निघते तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी इतकी वर्षे शिकवत राहिलो आहे.

प्रवेशअर्ज करण्याआधी तुमच्याजवळ काही महिने असतील असे धरून एक गोष्ट सुचवतो. जिथे रोज अनिश्चिततेत निर्णय घ्यावे लागतात अशी एखादी जागा शोधा, रक्तपेढी, बस आगार, गोदाम, रुग्णवाहिकांचे नियंत्रण कक्ष, काहीही चालेल. रीतसर परवानगी घेऊन तिथे दोन आठवडे बसा आणि निर्णय घेणाऱ्या माणसाला काहीही सुचवू नका. प्रत्येक निर्णयासमोर तो कधी घेतला, तेव्हा काय ठाऊक होते, आणि नंतर काय कळल्यावर तो बदलावासा वाटला, एवढेच वहीत लिहा. दोन आठवड्यांनी ती वही वाचताना तुम्हाला एखादा प्रश्न सोडवावासा वाटला, तर तीच वही घेऊन मार्गदर्शकाकडे जा. माझ्याकडे आलेल्या सर्वांत चांगल्या प्रबंधांपैकी दोन अशा वह्यांतूनच सुरू झाले.